मुलाने नाणे गिळले : मेटल डिटेक्टर काय सांगतो आणि काय सांगत नाही

खेळता खेळता मुलाने नाणे तोंडात टाकले आणि ते गेले पोटात. घरात धावाधाव सुरू होते. कुणीतरी सोसायटीच्या वॉचमनकडचा मेटल डिटेक्टर आणतो, पोटावर फिरवतो, 'बीप' वाजते आणि सगळे म्हणतात, "पोटात गेलंय, उद्या-परवा पडेल." असा निष्कर्ष घरी काढणे धोक्याचे ठरू शकते. का, ते समजून घेऊ.

डॉक्टर हे यंत्र का वापरतात?

नाणे शोधण्यासाठी काही रुग्णालयांत हातात धरायचा मेटल डिटेक्टर खरोखर वापरला जातो. त्यातून क्ष-किरण बाहेर पडत नाहीत, तपासणी दुखत नाही आणि मिनिटभरात होते. यंत्रातील कॉइल सौम्य चुंबकीय क्षेत्र तयार करते. धातू जवळ आला की त्यात बदल होतो आणि यंत्र वाजते.

तपासणी कशी करतात?

- आधी यंत्र एका नाण्यावर फिरवून ते नीट वाजते का, हे पाहतात.
- मुलाच्या अंगावरील सर्व धातू काढतात : चेन, ताईत, वाळे, चांदीचा करगोटा, झिप किंवा बटणांचे कपडे. मुलाला धरणाऱ्याने स्वतःच्या बांगड्या, घड्याळ आणि मोबाइलही दूर ठेवावा.
- लोखंडी पलंग किंवा स्टीलच्या स्टुलापासून मुलाला लांब उभे करतात.
- यंत्र त्वचेच्या अगदी जवळून, सावकाश, हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत आधी पुढून आणि मग पाठीमागून फिरवतात.

आवाजाने मूल घाबरते, म्हणून त्याला यंत्र आधी दाखवून वाजवून ऐकवावे.

'बीप' कुठे वाजली, याला महत्त्व आहे

मानेत किंवा छातीवर वाजली, तर नाणे अन्ननलिकेत अडकलेले असू शकते. अशा वेळी एक्स-रे काढावा लागतो आणि गरजेनुसार दुर्बिणीने नाणे काढतात. छातीच्या मधल्या हाडाच्या खाली वाजली, तर नाणे बहुधा जठरात किंवा त्यापुढे गेलेले असते. बहुतेक वेळा ते काही दिवसांत शौचावाटे पडते.

यंत्र काय सांगू शकत नाही?

'बीप' फक्त धातू आहे एवढेच सांगते. तो कोणता, हे सांगत नाही. सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. रिमोट, वजनकाटा किंवा खेळण्यातील गोल चपटा बटण सेल साधारण 20 मिलिमीटर रुंद असतो आणि एक रुपयाचे नाणे सुमारे 22 मिलिमीटर. यंत्र दोन्हींवर वाजते. पण अन्ननलिकेत अडकलेला सेल ओल्या त्वचेतून वीज वाहू देतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. एक्स-रेमध्ये सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, म्हणून तो ओळखता येतो.

यंत्र वाजले नाही म्हणजे धोका टळला, असेही नाही. प्लास्टिक, माशाचा काटा किंवा काच त्याला कळत नाही. बारीक पिन किंवा टाचणी निसटू शकते. नाणी एक की दोन, हेही समजत नाही.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावे?

- सेल किंवा लोहचुंबक गिळल्याची नुसती शंका असली तरी
- लाळ गळणे, गिळता न येणे, छातीत दुखणे
- श्वासाला त्रास किंवा घरघर
- वारंवार उलट्या, पोटदुखी, उलटीत किंवा शौचात रक्त

मूल गुदमरत असेल, तर लगेच 108 ला फोन करा.

हे करू नका

घशात बोटे घालू नका. उलटी करवू नका. नाणे 'खाली ढकलण्यासाठी' केळी किंवा भाताचे गोळे भरवू नका, एरंडेल देऊ नका. दुर्बीण करायची झाली तर भूल द्यावी लागते, म्हणून तपासणी होईपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नका. याला एकच अपवाद आहे : सेल गिळून 12 तास झालेले नाहीत, मूल एक वर्षापेक्षा मोठे आहे, त्याला गिळता येते आणि मध हाताशी आहे. तर रुग्णालयाच्या वाटेवर दर 10 मिनिटांनी दोन छोटे चमचे (10 मिली) मध, जास्तीत जास्त सहा वेळा देता येतो. मात्र मध आणायला थांबू नका.

जाताना तसेच दुसरे नाणे, किंवा सेल गायब झालेले रिमोट वा खेळणे सोबत न्या. मूल हसत-खेळत असले तरी डॉक्टरांना दाखवाच. मेटल डिटेक्टर त्यांच्या हातात उपयोगी आहे, पण घरच्या घरी निर्धास्त होण्यासाठी तो नाही.