देशरक्षणातील नागरिकांचा वाटा

युद्धाचा निकाल रणभूमीवर लागत असला, तरी ते लढण्याचे बळ रणभूमीच्या मागे उभ्या असलेल्या समाजातून येते. सैन्याला अन्न, इंधन, वाहने, सुस्थितीतील रस्ते व धावपट्ट्या आणि पैसा यांचा अखंड पुरवठा व्हावा लागतो. हा पुरवठा करणाऱ्या आघाडीला 'नागरी आघाडी' म्हणता येईल. १९६२, १९६५ आणि १९७१ या तीन युद्धांत भारतीय जनतेने ही आघाडी समर्थपणे सांभाळली. मात्र या तिन्ही प्रसंगांचा एकत्रित विचार केला असता असे दिसते, की केवळ भावनेच्या उत्कटतेवर मदतीची परिणामकारकता अवलंबून नसते. नेमकी गरज कोणती आणि ती भागविण्याची व्यवस्था कोणती, हे स्पष्ट असेल तेथेच नागरिकांचे श्रम व त्याग सार्थकी लागतात.

सोने : दान आणि रोखे

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले आणि २६ ऑक्टोबर रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. शस्त्रसामग्री परदेशातून आणावयाची तर परकीय चलन हवे होते आणि त्याची मोठी टंचाई होती. भारतीय कुटुंबांची बचत मात्र मोठ्या प्रमाणावर सोन्याच्या रूपात घरोघरी होती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीला नागरिकांनी रोख रकमेबरोबरच दागिनेही दिले. अनेक स्त्रियांनी हातातील बांगड्या उतरवून दिल्या.

दानाच्या जोडीला शासनाने सुवर्ण रोखेही विक्रीस काढले. साडेसहा टक्के व्याजाच्या या रोख्यांतून सुमारे १६ टन सोने जमा झाले. दान आणि रोखे यांतील हा फरक लोकस्मृतीत पुष्कळदा पुसला जातो. हैदराबादच्या निजामाने पाच टन सोने दान केले, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांनी १९६५ च्या सुवर्ण योजनेत ४२५ किलो सोने व्याजावर गुंतविले होते, हे माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरातून स्पष्ट झाले आहे. गुंतवणूकही राष्ट्राच्या उपयोगी पडतेच. परंतु तिची नोंद गुंतवणूक म्हणूनच व्हावयास हवी.

या प्रयत्नांना एक दुःखद बाजूही होती. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी आली. सोन्याची मागणी घटावी, हा त्यामागील हेतू. त्याची झळ मात्र सर्वप्रथम पोहोचली ती हातावर पोट असलेल्या सुवर्णकारांना. अनेकांचा पिढीजात व्यवसाय बसला आणि अखेर १९६६ मध्ये ही अट मागे घ्यावी लागली. युद्धकाळातील त्यागाचा भार समाजात कसा विभागला जातो, याचा विचार न झाल्यास काय होते, याचे हे उदाहरण आहे.

सोमवारची संध्याकाळ

१९६५ मध्ये प्रश्न अन्नाचा होता. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेखाली येणाऱ्या गव्हावर देश अवलंबून होता आणि त्या गव्हाबरोबर राजकीय दबावही येत होता. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९६४-६५ मध्ये सुमारे ८ कोटी ९० लाख टन असलेले अन्नधान्य उत्पादन पुढील वर्षी सुमारे ७ कोटी २० लाख टनांवर घसरले. पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारी संध्याकाळी असंख्य घरांतील चुली थंड राहिल्या, उपाहारगृहेही बंद राहू लागली. एवढ्याने धान्याची तूट भरून निघणे शक्य नव्हते. तथापि टंचाईचा भार सर्वांनी मिळून वाहावयाचा आहे, ही जाणीव त्यातून घराघरांत पोहोचली. 'जय जवान, जय किसान' या घोषणेने शेतकऱ्याचे स्थान सैनिकाच्या बरोबरीचे ठरविले.

माधापरची धावपट्टी

डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी विमानांच्या बॉम्बहल्ल्यांत गुजरातमधील भूजच्या हवाई तळाची धावपट्टी उद्ध्वस्त झाली. दुरुस्तीसाठी पुरेसे मनुष्यबळ नव्हते. तळप्रमुख स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक यांनी जिल्हा प्रशासनामार्फत जवळच्या माधापर गावाकडे मदत मागितली. सुमारे ३०० ग्रामस्थ, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, कामावर आले. वरून दिसू नये म्हणून त्यांनी हिरव्या साड्या नेसल्या आणि धावपट्टी शेणाने सारवून झाकली. भोंगा वाजताच झुडपांत आसरा घ्यावयाचा, धोका टळल्याचा इशारा मिळताच पुन्हा कामाला लागावयाचे, असा क्रम चालला. ७२ तासांत धावपट्टी वापरण्यायोग्य झाली. नेमके काम, स्पष्ट सूचना आणि सुरक्षिततेची ठरलेली पद्धत, या तिन्ही गोष्टी जुळून आल्यामुळेच हे शक्य झाले. त्यांच्या सन्मानार्थ गावात स्मारक मात्र उभे राहिले ते २०१५ मध्ये, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ लोटल्यानंतर.

पाच पैशांचे तिकीट

त्याच वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे करण्यात आले. प्रारंभी कुटुंबनियोजनाच्या प्रचलित तिकिटावरच 'निर्वासित सहाय्य' या अर्थाचा मजकूर छापून काम भागविले गेले. ३१ मार्च १९७३ पर्यंत चाललेल्या या आकारणीमुळे पत्र पाठविणारा सामान्य नागरिकही निर्वासितांच्या मदतीत सहभागी झाला.

शांतताकाळातील तयारी

या अनुभवांतून संस्थात्मक रचना दृढ होत गेली. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये गृहरक्षक दल स्थापन झालेच होते. १९६२ नंतर ते देशभर एकसूत्री स्वरूपात उभे राहिले. १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा संमत झाला. नागपूरला १९५७ पासून चालत आलेल्या प्रशिक्षण संस्थेला त्याच वर्षी राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळाले. २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनाचाही या कायद्यात समावेश झाला. अग्निशमन, जखमींची सुटका, प्रथमोपचार ही कौशल्ये युद्धात लागतात, तशीच ती पूर आणि भूकंपातही लागतात. स्वेच्छा देणग्यांवर चालणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण निधीतून माजी सैनिकांच्या मुलांना व सैनिकांच्या विधवांना शिष्यवृत्त्याही दिल्या जातात.

७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत भोंगे, दिवेबंदी व स्थलांतर यांचा सराव घेण्यात आला. अनेक तरुणांच्या आयुष्यातील तो पहिलाच असा अनुभव होता. संकट आले की स्वयंसेवकांची आठवण व्हावी आणि ते ओसरताच विसर पडावा, हा क्रम बदलावयाचा असेल, तर असे सराव नियमित व्हावयास हवेत. आपल्या प्रभागातील प्रशिक्षित स्वयंसेवक कोण, आसरा कोठे, भोंग्याचा अर्थ काय, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे ही त्याची पहिली पायरी होय.