गोग्रास आणि पशुखाद्याचे वर्गीकरण

सणावारी गायीला पुरणपोळी, भात वा धान्य अर्पण करण्याची आपली जुनी परंपरा आहे. भाव शुद्ध असला तरी प्रत्येक खाद्य गायीला सारखे मानवत नाही. म्हणून भाविकांच्या माहितीसाठी पशुखाद्याचे वर्गीकरण आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

पाण्याचा अंश वगळता ज्या खाद्यात तंतुमय घटक 18 टक्क्यांहून अधिक, ती वैरण. कमी असल्यास खुराक.

वैरण : कडबा व भाताचा पेंढा ही सुकी वैरण. हिरव्या वैरणीत मका व हत्तीगवत एकदल, तर लसूणघास व चवळी द्विदल होत. द्विदलात प्रथिने अधिक असतात. वैरणीमुळे रवंथ होतो आणि रवंथाची लाळ पोटातील आम्लता आवरते.

खुराक : प्रथिने 20 टक्क्यांहून कमी असल्यास ऊर्जायुक्त, उदाहरणार्थ ज्वारी, मका, अधिक असल्यास प्रथिनयुक्त, उदाहरणार्थ शेंगदाणा पेंड, सरकी पेंड.

पूरके : मीठ व क्षारमिश्रण.

भात, पोळी, धान्य हे सारे ऊर्जायुक्त वर्गातले. ते एकाच वेळी फार झाल्यास कोठीपोटात वेगाने आंबते, आम्ल साचते, रवंथ थांबतो आणि प्रसंगी गाय दगावते. एका भाविकाचा एकच घास असतो; परंतु शंभर भाविकांचे शंभर घास एकाच गायीच्या पोटात जातात.

यास्तव भाविकांनी गोग्रास म्हणून हिरवी वैरण वा कडब्याची पेंढी अर्पण करावी. नैवेद्याचे अन्न गोसेवकांकडे सोपवावे, ही नम्र विनंती.