‘सक्सेस’ लिहून येतं, पण डेटा परत येतो का?

मंडळी, आपल्या हॉस्टेलवर ‘बॅकअप’ म्हणजे एक कॉपी पेन ड्राइव्हवर आणि दुसरी रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर. सबमिशनच्या आदल्या रात्री एवढं पुरतं. पण आपण जर्नल अपलोड करतो तो सर्व्हर, मेसचं बिल काढणारा सर्व्हर, लायब्ररीचा फाइन लावणारा (नको तेव्हा अगदी चोख चालणारा!) सर्व्हर, हे आता वेगवेगळे डबे राहिलेले नाहीत. कम्प्युटर सेंटरमधल्या मोजक्या दणकट मशीनवर ते ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणून राहतात, एका खोलीत चौघं राहावेत तसे. त्यांचा बॅकअप घेणारी सॉफ्टवेअरं वेगळी आणि त्यांची दुखणीही वेगळी. मी सेंटरला सरांच्या हाताखाली काम करतो आणि रोज सकाळी बॅकअपचा रिपोर्ट बघणं माझ्याकडे असतं. लाल रिपोर्ट आला की वैताग येतो. भीती मात्र वाटते ती हिरव्या रिपोर्टची. का, ते सांगतो.

व्हर्च्युअल मशीनची अख्खी हार्ड डिस्क म्हणजे होस्टवरची एक भली मोठी फाइल. मशीन चालू असताना ती सतत बदलते, म्हणून बॅकअप सॉफ्टवेअर आधी ‘स्नॅपशॉट’ घ्यायला लावतं. त्या क्षणी मूळ फाइल गोठते आणि नवं लिखाण बाजूच्या ‘डेल्टा’ फाइलमध्ये जायला लागतं. गोठलेली फाइल निवांत वाचून झाली की डेल्टा परत मूळ फाइलमध्ये मिसळायची.

हे मिसळणंच कधी कधी राहून जातं. स्नॅपशॉटची यादी उघडून बघावं तर रिकामी, आणि डेल्टा मात्र फुगतेच आहे! डेटास्टोअर भरला की मशीन जागच्या जागी थांबतं. व्हीएमवेअरचा सल्ला असा की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. साखळी ३२ पर्यंत चालते, पण दोन-तीनच्या पुढे जाऊ नये हे बरं. अडकलेल्या डेल्टावरचा नेहमीचा उपाय म्हणजे एक नवा स्नॅपशॉट घ्यायचा आणि ‘डिलीट ऑल’ म्हणायचं. बऱ्याचदा त्याबरोबर जुन्या अनाथ डेल्टाही मिसळल्या जातात. नाहीच झालं, तर फाइल कुणीतरी धरून ठेवलेली असते. संशयित नंबर एक म्हणजे बॅकअप प्रॉक्सी. ‘हॉट-ॲड’ पद्धतीत त्या मशीनची डिस्क थोडा वेळ प्रॉक्सीला जोडली जाते. जॉब मध्येच मेला तर ती तिथेच लटकते. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढून टाकायची, पण इथे माणसाचा हात थोडा थरथरलाच पाहिजे. ‘फक्त काढा’ आणि ‘फाइलसकट डिलीट करा’ हे दोन्ही पर्याय एकाच ठिकाणी असतात, आणि ती डिस्क प्रॉक्सीची नसून चालू सर्व्हरची असते!

आता मुख्य आजार. रोज रात्री अख्खी डिस्क वाचणं परवडत नाही, म्हणून फक्त बदललेले ब्लॉक उचलायचे. त्यासाठी व्हीएमवेअरने २००९ मध्ये व्ही-स्फिअर ४ बरोबर ‘चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग’ म्हणजे सीबीटी आणलं. हॉस्टेलच्या गेटवरचं इन-आउट रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. रेक्टर सर काही रोज रात्री सगळ्या खोल्या पालथ्या घालत नाहीत. रजिस्टरात ज्यांची नोंद, तेवढ्यांचीच चौकशी. वॉचमनकाकांनी एखादी नोंद गाळली, तर रेक्टर सरांच्या वहीत सगळं ठीकठाक आणि पोरगं मात्र स्टेशनवर चहा पीत बसलेलं.

नेमकं हेच घडलं. २०१४ मध्ये उघड झालं की सीबीटी चालू असताना एखादी डिस्क वाढवून १२८ जीबीच्या पुढे नेली, तर बदललेल्या ब्लॉकची यादी चुकीची येऊ शकते. ४ आणि ५ या मालिकांमधल्या ईएसएक्सआयवर हा दोष होता. २०१५ मध्ये ईएसएक्सआय ६.० मध्ये सीबीटीचा वेगळाच बग निघाला, त्याचा पॅच नोव्हेंबर २०१५ मध्ये आला. दोन्ही वेळा एररचा मेसेज नाही की वॉर्निंग नाही. जॉब हिरवा, वेळ नेहमीएवढा, साइज नेहमीएवढा. फक्त काही ब्लॉक जुनेच राहिलेले, आणि ते कळणार कधी, तर रिस्टोअर करायची वेळ येईल तेव्हा!

उपाय असा, की रजिस्टर फाडून नवं सुरू करायचं. सीबीटी बंद करा, एक स्नॅपशॉट घेऊन लगेच काढा म्हणजे बदल लागू होतो, सीबीटी पुन्हा चालू करा आणि मग पूर्ण बॅकअप घ्या. आता ‘पूर्ण’ म्हणजे कोणता, इथे पुष्कळ जण फसतात. ‘सिंथेटिक फुल’ हा आधीच्याच बॅकअप फाइली जोडून बनतो, म्हणजे जुनी चूक नव्या कव्हरात. इथे ‘ॲक्टिव्ह फुल’च हवा, जो मूळ डिस्क पहिल्यापासून वाचतो. बॅकअप फाइलची ‘हेल्थ चेक’ही इथे कामाची नाही. साठवलेला ब्लॉक साठवला तसाच आहे ना, एवढंच ती बघते. तो मुळात बरोबर होता का, हे तिला कुठून कळणार? वर दिलेले दोन्ही बग केव्हाच दुरुस्त झालेत. तरी डिस्क वाढवली किंवा होस्ट अपग्रेड केला की आम्ही सीबीटी रीसेट करून ॲक्टिव्ह फुल घेतो. रात्र जाते, पण माझ्या मते ती सत्कारणी लागते.

हिरव्या रिपोर्टचा दुसरा प्रकार डेटाबेसचा. स्नॅपशॉट म्हणजे चालत्या मशीनची वायर उपटल्यासारखं. मेमरीत असलेलं, डिस्कवर न उतरलेलं सगळं बाहेर राहतं. विंडोजमध्ये यासाठी व्हीएसएस आहे. ते डेटाबेसला क्षणभर ‘स्टॅच्यू’ म्हणतं. डेटाबेस जास्तीत जास्त ६० सेकंद गोठून राहतो आणि प्रत्यक्ष डिस्कवरचं लिखाण फक्त १० सेकंद रोखता येतं. सर्व्हरवर लोड असला की तेवढ्यात जमत नाही आणि जॉब पडतो. अशा वेळी ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स’ ही कमांड देऊन रुसलेला रायटर शोधायचा, त्याची सर्व्हिस रीस्टार्ट करायची आणि जॉब शांत वेळेला सरकवायचा. हा लाल प्रकार म्हणून बरा.

लिनक्सवर मात्र डेटाबेसला थांबवायची स्क्रिप्ट आपणच लिहावी लागते, एक फ्रीझच्या आधीची आणि एक नंतरची. आमच्याकडचा जर्नलचा जुना सर्व्हर लिनक्सवर होता. तो बसवताना कुणी स्क्रिप्ट घातली नव्हती, आणि जॉब रोज हिरवा. टेस्ट म्हणून रिस्टोअर केला तेव्हा मशीन छान उठलं, पण मार्कांचं टेबल उघडेना! टेबल ‘मायआयसॅम’ प्रकारचं होतं. ‘इनोडीबी’ स्वतःचा लॉग वाचून सावरतं, मायआयसॅमला ती सोय नाही. ऐन टर्म एंडला मूळ सर्व्हर गेला असता तर एका अख्ख्या वर्गाचे टर्म वर्कचे मार्क हवेत! मग स्क्रिप्ट घातली. त्यातही एक मेख आहे. टेबल लॉक करायची कमांड देऊन स्क्रिप्ट बाहेर पडली की सेशन संपतं आणि लॉकही सुटतो. म्हणून सेशन मागे जिवंत ठेवून नंतरच्या स्क्रिप्टने बंद करावं लागतं.

रेप्लिकेशनबद्दल थोडंच सांगतो, कारण गैरसमज एकच आहे. ‘दुसरीकडे तयार कॉपी आहे, मग बॅकअप कशाला?’ हायपर-व्ही रेप्लिका २०१२ मध्ये आलं तेव्हा दर ५ मिनिटांनी बदल पाठवायचं. २०१२ आर२ मध्ये ३० सेकंदांचा पर्यायही आला. म्हणजे चुकून उडवलेला फोल्डर दुसरीकडेही अर्ध्या मिनिटात उडतो! ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये मागे पडलेल्या दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी उडवायची होती, ती उडवली गेली मुख्य सर्व्हरवरची. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. रोजचा डेटाबेस डंप बघितला तर आवृत्ती जुळत नसल्याने तो बनतच नव्हता, आणि तसं सांगणाऱ्या ई-मेल नाकारल्या जात होत्या. वाचवलं कुणी, तर सुमारे ६ तास आधी एकाने हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, त्याचं कौतुक वाटतं.

आणखी एक, रेप्लिका हायपरवायझरमधून परस्पर चालू करून बघू नये. सॉफ्टवेअरचा हिशोब बिघडतो आणि पुढचा जॉब अडतो. ‘फेलओव्हर’ त्या सॉफ्टवेअरमधूनच करायचा.

खुद्द बॅकअप सॉफ्टवेअरमधल्या भोकांचाही विचार हवा. वीमच्या बॅकअप अँड रेप्लिकेशनमध्ये २०२३ आणि २०२४ मध्ये सापडलेली भोकं रॅन्समवेअरवाल्यांनी वापरली. पॅच लगेच लावणं, बॅकअप सर्व्हर कॉलेजच्या डोमेनमध्ये न ठेवणं आणि एक कॉपी वायर काढून कपाटात ठेवणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता तुमच्या लॅपटॉपवरचं. प्रोजेक्ट व्हर्च्युअलबॉक्समध्ये असेल तर त्यातला स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. डिस्क गेली की तोही गेला. मशीन नीट शट डाउन करून ‘एक्स्पोर्ट’ करा, ती फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर इम्पोर्ट करा आणि प्रोजेक्ट खरंच रन होतोय का ते बघा. आम्ही सेंटरला महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी एक सर्व्हर निवडतो, तो बाजूच्या वेगळ्या नेटवर्कवर उठवतो आणि शेवटची एंट्री सापडते का बघतो. कुणाला यायचं असेल तर जेवण उरकून या, खुर्च्या कमी आहेत.