फ्लूचा आठवडा घरात काढताना

ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली आणि रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून दिसू लागला. त्या साथीचा एच1एन1 विषाणू आता हंगामी फ्लू म्हणून दरवर्षी येतो.

हा आजार पसरतो तो खोकल्या-शिंकांतल्या तुषारांतून. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस रुग्ण संसर्ग देऊ शकतो. म्हणूनच अंगावर ताप काढत कामावर जाणे इतरांवर अन्याय करणारे आहे. औषधाशिवाय ताप उतरून 24 तास होईपर्यंत घरीच थांबावे. खोली वेगळी, खिडक्या उघड्या, माणसांत मास्क, साबणाने हात धुणे.

विश्रांती, पेज, सूप, भरपूर पाणी, तापाला पॅरासिटामॉल. मुलांना अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नये. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, तरी ते मागून घेतले जाते, हे खेदजनक आहे.

धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळसर झाले किंवा उतरलेला ताप उलटला, तर तडक रुग्णालय गाठावे. गर्भवती, वृद्ध, लहान मुले, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांनी मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. विषाणू रूप बदलत असल्याने लसही दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.