प्रवासातील छायाचित्रण आणि वास्तुवारशाची नोंद : इराणी वास्तुशैली व आर्मेनियन चर्चकलेच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींतून व प्राध्यापकांच्या खाजगी प्रवासांतून दरवर्षी ऐतिहासिक वास्तूंची असंख्य छायाचित्रे घेतली जातात. भ्रमणध्वनीत कॅमेरा आल्यापासून ही संख्या अनेक पटींनी वाढली. संशोधनासाठी त्यांचा उपयोग मात्र त्या प्रमाणात वाढलेला दिसत नाही. छायाचित्र कोठे, केव्हा, वास्तूच्या कोणत्या भागाचे घेतले याची नोंद नसेल, तर ते स्मरणचित्र ठरते. पुरावा ठरत नाही. इराणी वास्तुशैली आणि आर्मेनियन चर्चकला या दोन परस्परसंबद्ध परंपरांच्या आधारे प्रवासी छायाचित्रणाला अभ्याससाधनाचे स्वरूप कसे देता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोन परंपरा आणि महाराष्ट्र

वरवर पाहता हे दोन्ही विषय दूरदेशीचे वाटतात. परंतु बहमनी काळात इराणातून आलेले सरदार, सूफी, सुलेखनकार व कारागीर यांच्यामुळे दख्खनच्या वास्तुकलेवर इराणी शैलीचा खोल ठसा उमटला. गिलान प्रांतातून आलेला वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये बीदर येथे बांधलेला मदरसा हे त्याचे ठळक उदाहरण होय. मध्यभागी चौक आणि त्याच्या चारही बाजूंस ईवान, म्हणजे तीन बाजूंनी बंद व समोरून कमानीने उघडे असलेले दालन, अशी त्याची रचना आहे. त्याच्या दर्शनी भागावर निळ्या, पांढऱ्या व पिवळ्या झिलईदार फरशांचे काम होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा काही भाग व एक मिनार नष्ट झाला. उरलेल्या फरशांवरूनच आज मूळ रूपाची कल्पना करावी लागते. दौलताबादचा पंधराव्या शतकातील चांद मिनार आणि तेथील चिनी महाल यांचीही हीच कथा आहे. चिनी महालाला ज्या फरशांमुळे हे नाव मिळाले, त्यांचे आता केवळ तुकडे शिल्लक आहेत.

आर्मेनियन परंपरेचा धागाही इराणमार्गेच आपल्याकडे येतो. इराणचा शाह अब्बास पहिला याने १६०४-०५ मध्ये अरस नदीकाठच्या जुल्फा शहरातील आर्मेनियन लोकांना हलविले व इस्फहानजवळ नवे जुल्फा वसविले. तेथील व्यापारी पुढे सुरत, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे पोहोचले. मुंबईच्या फोर्ट भागातील आर्मेनियन चर्चची स्थापना १७९६ ची आहे. नव्या जुल्फातील वांक कॅथेड्रल (१६५५-१६६४) बाहेरून पाहिल्यास त्याचा विटांचा घुमट इराणी मशिदीची आठवण करून देतो. आत मात्र भिंतींवर बायबलमधील प्रसंगांची चित्रे असून त्यांच्या खालच्या पट्ट्यात इराणी पद्धतीच्या फरशा आहेत. एकाच वास्तूत दोन्ही परंपरा नांदत असल्याने तिचे केवळ बाहेरून घेतलेले छायाचित्र अर्धेच सत्य सांगते.

छायाचित्र हाच अखेरचा पुरावा

जुन्या जुल्फाची दफनभूमी आज अझरबैजानच्या नखिचेवान प्रदेशात येते. तेथे सोळाव्या-सतराव्या शतकांतील हजारो खाचकार, म्हणजे क्रूस व नाजूक जाळीदार नक्षी कोरलेल्या उभ्या शिळा होत्या. १९९८ पासून त्या टप्प्याटप्प्याने हटविण्यात आल्या. डिसेंबर २००५ मध्ये उरलेल्या शिळा फोडल्या जात असल्याचे चित्रण नदीपलीकडून, इराणच्या भूमीवरून करण्यात आले. अझरबैजानने हा आरोप नाकारला; तथापि २००३ व २००९ मधील उपग्रह-छायाचित्रांच्या तुलनेत दफनभूमी नाहीशी झाल्याचे स्पष्ट झाले. खाचकार घडविण्याच्या कलेचा २०१० मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा त्या कलेचा हा सर्वांत मोठा समूह अस्तित्वात उरला नव्हता. आर्गाम आयवाझियान यांनी १९६४ ते १९८७ या काळात नखिचेवानमधील आर्मेनियन वास्तूंची जी छायाचित्रे घेतली, ती आता अभ्यासकांचा मुख्य आधार आहेत.

आपल्या परिसरातही याचे उदाहरण आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविण्यात अनेक वर्षे घालविली. त्यांपैकी बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. गिल यांनी कॅमेऱ्याने घेतलेली अजिंठा-वेरूळची व लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची छायाचित्रे मात्र टिकली. छायाचित्राच्या अनेक प्रती निघू शकतात व त्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येतात, हे या माध्यमाचे मोठे बळ आहे.

छायाचित्रणाची पद्धती

१) प्रकाशाची निवड : झिलईदार फरशी व कोरीव दगड यांची गरज परस्परविरोधी असते. फरशीवर थेट ऊन पडले की चकाकी येऊन रंग पुसट होतात. तिच्यासाठी सावलीतील किंवा ढगाळ दिवसाचा समप्रमाण प्रकाश योग्य असतो. बीदरच्या मदरशाची मुख्य बाजू पूर्वेस असल्याने तेथील फरशांचे रंग दुपारनंतर, भिंत सावलीत गेल्यावर, अधिक अचूक येतात. याउलट खाचकार, शिलालेख वा मंदिरावरील शिल्प यांना बाजूने येणारे तिरपे ऊन लागते. त्यावाचून कोरीवकामाची खोली दिसत नाही.

२) प्रकाशमापन : दख्खनचा काळा बसाल्ट दगड कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन चकवितो. चौकटीत काळा दगड अधिक असल्यास कॅमेरा चित्र गरजेपेक्षा उजळ करतो आणि त्यातील फरशांचा निळा रंग फिका पडतो. अशा वेळी प्रकाश थोडा कमी करून दुसरे चित्र घ्यावे.

३) क्रम : प्रथम परिसर, मग संपूर्ण वास्तू, नंतर एकेक भाग आणि शेवटी तपशील या क्रमाने चित्रे घ्यावीत. सुटा तपशील कितीही सुंदर असला, तरी तो भिंतीवर कोठे आहे हे कळले नाही तर निरुपयोगी ठरतो. लांब शिलालेख एकमेकांवर थोडे चढणाऱ्या भागांत टिपावा.

४) कोन व प्रमाण : सपाट भिंतीसमोर कॅमेरा शक्यतो समांतर धरावा. तपशिलाच्या एका चित्रात मोजपट्टी ठेवावी व दुसरे चित्र तिच्याविना घ्यावे. मोजपट्टी वास्तूला टेकवू वा चिकटवू नये.

५) मर्यादा : रंगविलेल्या भिंतींसमोर झगझगता दिवा वापरू नये. त्रिपादासाठी संबंधित खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. चर्च, मशीद वा दर्गा ही प्रथम उपासनास्थळे आहेत; तेथील व्यवस्थापकांची अनुमती व उपासकांची सोय यांना छायाचित्रापेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

नोंद व जतन

प्रत्येक छायाचित्रासोबत स्थळ, तालुका व जिल्हा, दिनांक व वेळ, वास्तूचा भाग, कॅमेऱ्याची दिशा, छायाचित्रकाराचे नाव आणि पडझडीची स्थिती एवढी माहिती त्याच दिवशी लिहून ठेवावी. संदेशयंत्रणेतून पाठविलेल्या चित्राचा आकार घटतो व त्यातील अंतर्गत माहिती बहुधा गळून पडते. म्हणून मूळ संचिका जपावी. संपादन करावयाचे असल्यास तिच्या प्रतीवर करावे. मूळ संग्रहाच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवून एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावी. त्याच जागेवरून काही वर्षांनी पुन्हा चित्र घेतले, तर दोहोंच्या तुलनेतून पडझडीचा वेग कळू शकतो.

समारोप

इस्फहान किंवा आर्मेनियाचा प्रवास प्रत्येकास शक्य होईल असे नाही. परंतु देऊळघाटहून दौलताबाद एका दिवसात पाहून येता येते, आणि रोहिणखेडची सोळाव्या शतकातील मशीद तर बुलढाणा जिल्ह्यातच आहे. सर्व जुन्या वास्तूंना शासकीय संरक्षण लाभत नाही. ज्यांना लाभते, त्यांच्याही भिंतींवरील फरशा व अक्षरे ऊन-पावसाने झिजतच असतात. इतिहास, मराठी, उर्दू, भूगोल व ग्रंथालयशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन एकेका वास्तूची अशी छायाचित्र-नोंद सिद्ध केल्यास सहलीला शैक्षणिक अर्थ प्राप्त होईल. जुल्फाच्या शिळा पाडल्या जाण्यापूर्वी कोणीतरी त्यांची पद्धतशीर चित्रे घेतली होती, म्हणूनच आज त्यांविषयी पुराव्यानिशी बोलता येते. आपल्या परिसरातील वास्तूंसाठी तेवढे काम करणे प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे.