चाकाचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर देवरीत कुंभाराच्या चाकाला उसंत नसते. जड चाक, त्याखाली जमिनीत रोवलेली खुंटी आणि काठाजवळ काठी टेकवण्यापुरता एक खळगा. कुंभारकाका पाय फाकवून वाकतात, काठी खळग्यात घालून चाक गरागरा फिरवतात आणि वेग आला की काठी बाजूला ठेवून उकिडवे बसतात. आता कुणी ढकलत नाही, तरी चाक फिरतंच. वजन जितकं काठाकडे, तितकं ते उशिरा थांबतं.

गोळा थापताना काका सांगतात, "माती मंधात बसली पायजे, नायी त चाक डोलते." ओला अंगठा शेंड्यात रुततो, पणतीचा काठ वर येतो, दोऱ्याने ती कापली की लगेच दुसरी. बोटं पुन्हापुन्हा पाण्यात जातात, कारण कोरडं बोट मातीला धरतं आणि चाकाचा वेग खातं.

हळूहळू चाक मंदावतं. फिरणं गेलं कुठे? ऊर्जेची उष्णता झाली, पण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, असा विरून जात नाही. तो खुंटीतून आणि काकांच्या पायांतून जमिनीत, म्हणजे पृथ्वीत उतरला. काठी फिरवताना त्याच पायांनी पृथ्वीला उलटा रेटा दिला होता. जेवढं घेतलं तेवढं परत गेलं. पृथ्वी इतकी प्रचंड की हा व्यवहार कुठल्याच उपकरणाला दिसत नाही, पण हिशेब पुरा होतो.

अवकाशात पाय रोवायला जमीनच नाही. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेल्या मंगळयानाला आपला अँटेना पृथ्वीकडे वळवायचा, तर रेटा कशाला द्यायचा? त्यासाठी यानाच्या पोटातच विजेवर फिरणारी चार चाकं होती. चाकाने एका दिशेला वेग घेतला की यान उलट दिशेला सावकाश वळतं. चाक थोपवलं की यानही थांबतं. दोघांच्या कोनीय संवेगाची बेरीज बदलत नाही आणि इंधनाचा थेंबही लागत नाही. मात्र सूर्यप्रकाशाचा हलकासा दाब यानाला सतत पिळत असतो. तो पीळ चाकं आपल्या वेगात साठवत जातात. वेग मर्यादेला पोचला की छोटे थ्रस्टर पेटवून तो उतरवावा लागतो.

कोनीय संवेग टिकून राहण्याचा हा नियम फळ्यावर येण्याआधी मुलांनी एकदा चाकाला काठी लावून पाहावी. पाय घट्ट रोवल्याशिवाय चाक हलत नाही, हे अंगाला कळलं की यानाला चाकं का लागतात, हे वेगळं शिकवावं लागणार नाही.