कात्रीत सापडलेला विनोद

श्रोते हसले नाहीत तर विनोदकार पडला, हे आपण समजू शकतो. परंतु श्रोते पोटभर हसले, आणि तरीही त्याला पडद्यावरून साफ पुसून टाकले, असे झाले तर?

अमेरिकेतील बिल हिक्सच्या वाट्याला हा अजब प्रसंग आला. १९६१ साली जन्मलेला हा गृहस्थ ऐन पोरवयातच रंगमंचावर एकटा उभा राहून लोकांना हसवू लागला. ना साथीदार, ना वेशभूषा; समोर नुसता ध्वनिक्षेपक! धर्म, युद्ध, जाहिरातबाजी या ज्या विषयांवर सभ्य माणसे हलक्या आवाजात बोलतात, त्यांवर तो उघड कोरडे ओढी. भाषाही पुष्कळदा शिवराळ. आपल्या दिवाणखान्यात ती रुचली असती, असे मी म्हणणार नाही.

टेलिव्हिजनवर मात्र तो जीभ आवरून बोले. डेव्हिड लेटरमन यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात तो अकरा वेळा झळकला होता. १ ऑक्टोबर १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या एड सलिव्हन थिएटरात तो बाराव्यांदा उभा राहिला. प्रेक्षागृह हसले, चित्रण आटोपले. पण रात्री पाहावे तो हिक्स अथपासून इतिपर्यंत गायब! ईस्टरचा सण आणि गर्भपातविरोधी निदर्शक यांची त्याने उडवलेली टर जड गेली होती. याच रंगमंचावर १९५७ साली गायक एल्विस प्रिस्ले याला कॅमेऱ्याने कमरेपासून वरच दाखवले होते. हिक्स तेवढाही दिसला नाही!

त्या वेळी त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २६ फेब्रुवारी १९९४ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तो गेला.

वर्गात विनोद शिकवताना मी मुलांना पुढची हकीकत आवर्जून सांगतो. ३० जानेवारी २००९ रोजी लेटरमन यांनी हिक्सच्या आईला कार्यक्रमात बोलावले. तो निर्णय आपलाच होता, असे सांगून त्यांनी सर्वांसमक्ष तिची क्षमा मागितली आणि कापलेला भाग जसाच्या तसा दाखवला. तो पाहिल्यावर, यात गैर ते काय होते, असे खुद्द त्यांनाच वाटले!

वाचकहो, विनोद न आवडणे हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे. पण त्यासाठी तो आधी कानावर तर पडला पाहिजे! इथे कात्री भीतीने चालवली होती, आणि भीतीला विनोद कळत नाही. कापायला एक रात्र पुरली. टाका घालायला पंधरा वर्षे लागली. क्षमेचे शब्द ऐकायला आई होती, मुलगा नव्हता.